कजोड चेजाऱ्याची भिंत

कजोडमलवर पहिला संशय घेतला गेला तो त्याला सुपात घातलं तेव्हा. हा जगणार नाही, असा. त्याच्या आधीची तीन पोरं गेली होती. म्हणून आईनं त्याला सुपासकट उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून आणल्यासारखं केलं आणि नाव ठेवलं कजोड, म्हणजे केरकचरा. केरकचऱ्याकडे यम कशाला बघतो! आमच्या बीजलगढात असे कजोड गल्लीगल्लीत सापडतील. यम फसला, पोर जगलं. पण आपण कोणाला तरी फसवून जगतोय आणि एक दिवस तो विचारायला येणार, ही धास्ती कजोडमलच्या अंगात जी शिरली ती सदुसष्टाव्या वर्षापर्यंत निघाली नाही.

कुलूप लावून तो तीनदा ओढून बघे आणि चार पावलं जाऊन चौथ्यांदा बघायला परत येई. कामावरून येताना रोज वाट बदले. घराकडे वाटा दोनच होत्या, म्हणून दबा धरून बसलेल्याला फार तर एक दिवस जास्त बसावं लागलं असतं. बायको धापू लेकीच्या नावानं हाक मारून म्हणायची, "मनभरचे बापू, एवढं कोण टपलंय तुमच्यावर? चुन्यानं माखलेलं धोतर चोरायला?"

"धोतराचं कोण बोलतंय," कजोडमल म्हणायचा. त्याच्याजवळ चोरण्यासारखं काय आहे ते त्यानं धापूलाही सांगितलं नव्हतं.

कजोडमल चेजारा होता. चेजारा म्हणजे गवंडी, पण महालातल्या चेजाऱ्याला नुसतं गवंडी म्हणून बघा, तो थापी उगारेल. त्याच्या घराण्याचं काम आराइशचं. वर्षानुवर्षं पाण्यात भिजत ठेवलेला चुना, त्यात दही, संगमरवराची वस्त्रगाळ भुकटी, थरावर थर, आणि शेवटी अकीकाच्या गोट्यानं घोटाई. घोटत घोटत भिंत अशी होते की तिच्यात बघून मिशी कातरावी. सात पिढ्या हे घराणं बीजलगढच्या राजमहालाच्या भिंती घोटत आलं होतं.

महालही या घराण्याला शोभेल असाच. तो बांधला राजा बिजलसिंहानं. त्यानं गादी मिळवली ती काकाला विहिरीत ढकलून, असं म्हणतात. काका पाय घसरून पडला असंही म्हणतात, पण ते महालातले लोक म्हणतात. गादीवर बसल्याबरोबर बिजलसिंहाला आपले पुतणे मोठे होताना दिसायला लागले आणि त्यानं महाल बांधायला काढला. दुसरे राजे महाल बांधतात तो दिसावा म्हणून. यानं बांधला तो स्वतः दिसू नये म्हणून. सूरजपोळीतून, म्हणजे मुख्य दरवाजातून, हत्ती आत येतो, पण लगेच रस्ता काटकोनात वळतो, म्हणजे हत्तीला धडक मारायला पळता येऊ नये. दरवाजे असे बुटके की आत येणाऱ्याची मान आधी येते, तलवार मागाहून. जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच. माहीत नसलेला अडखळणार आणि वरच्या पहारेकऱ्याला आवाज जाणार. झोपायच्या खोल्या चार, चारही हुबेहूब, आणि राजा आज कुठल्या खोलीत आहे हे राणीलाही सकाळी कळायचं. काही राण्यांना बरंच वाटत असे, पण ते असो.

या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे पहिल्या मजल्यावरचं आरसाभिंतीचं दालन. राजाची बैठक या भिंतीकडे तोंड करून. लोकांना वाटे, राजा नम्र आहे, दरबाराकडे पाठ करून बसतो. अहो, नम्र कसला! त्याच्या पाठीमागं वर दोन जाळीचे झरोके होते, एक डावीकडे, एक उजवीकडे, जनान्यातल्या बायकांनी दरबार बघावा म्हणून. जाळ्यांच्या मागं उघडा चौक, म्हणून जाळीचं एकेक भोक उजेडाच्या ठिपक्यासारखं चमके आणि ते सगळे ठिपके समोरच्या घोटीव भिंतीत जसेच्या तसे उमटत. जाळीमागं कोणी येऊन उभं राहिलं की तेवढे ठिपके विझत. राजा मान न वळवता म्हणे, "डावीकडच्या बाईसा, पंखा मिळेल का?" आणि जनान्यात घबराट उडे.

भिंत पुरी झाल्यावर राजानं चेजाऱ्याला बोलावून चुन्याची कृती विचारली. कजोडमलच्या त्या पूर्वजानं हात जोडून सगळी कृती सांगितली. चुकीची. ही गोष्ट त्या घरात पोरांना झोपवताना सांगतात.

तर आता त्या भिंतीचं दुखणं.

भिंतीचे तीन पट्टे. डावा पट्टा कजोडमलच्या बापानं, भूरामलनं, घोटलेला. पंचेचाळीस वर्षं झाली, आजही बघणाऱ्याच्या पापण्यांचे केस मोजून घ्यावेत असा लख्ख. मधला पट्टा कजोडमलचा. उजवा पट्टा जावयाचा, सूंडारामचा. तीन वर्षांपूर्वी कजोडमल सातव्या पायरीला अडखळून पडला आणि मनगट मोडलं, तेव्हा नाइलाजानं त्याच्याकडे दिलेला. (चाळीस वर्षं चढलेली पायरी. पडल्या पडल्या कजोडमलनं पहिलं काम केलं ते पायरीचा वास घेतला, तेल सापडतंय का ते बघायला.)

दरवर्षी श्रावणाच्या तोंडाला मधल्या पट्ट्यावर तळहाताएवढा डाग उमटे. आधी नुसता घाम आल्यासारखा, मग करडा, मग त्यावर पांढरी पिठी धरे आणि बोट लावलं की पापुद्रा सुटे. कजोडमल दर दोन-तीन वर्षांनी पट्टा खरवडून नवा करी आणि डाग परत येई. डाव्या पट्ट्याला काही नाही. उजव्याला काही नाही.

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, माझंच काहीतरी चुकतंय. कजोडमलचं गणित सरळ होतं. बापाचा पट्टा चांगला राहतो, कारण बापाचे शत्रू मेले. माझे जिवंत आहेत.

मग दरवर्षी एकेक शत्रू सापडे. एका वर्षी त्यानं पहारेकऱ्यावर आळ घेतला, भिंतीला पाण्याची सुरई टेकवतो म्हणून, आणि बिचाऱ्याला मागच्या पोळीत बदलून घ्यायला लावलं, जिथे वटवाघळांशिवाय कोणी येत नाही. पुढच्या वर्षी झाडणारी. मग माकडं. मग छगन गाइड. तो पर्यटकांना भिंतीला गाल टेकवायला लावतो आणि त्यांच्या डोक्याचं तेल लागतं म्हणे. छगननं हात जोडले. "बाबोसा, गोरी माणसं डोक्याला तेल लावत नाहीत हो!" कजोडमल म्हणाला, "हेच तर. तू हे आधी शोधून ठेवलंयस."

पण या सगळ्यांच्या मागं त्याला एकच माणूस दिसे. त्याचा मेहुणा, धापूचा भाऊ भौंरीलाल. तोही चेजारा, गावातल्या हवेल्यांची कामं करणारा. महालाचं काम आपल्याला मिळायला हवं होतं असं तरुणपणापासून बोलून दाखवणारा. दोघांत तीस वर्षं धड बोलणं नव्हतं. लग्नात एकमेकांना टोमणे मारण्यापुरती सोयरीक उरली होती.

यंदा डाग आषाढातच आला. आणि कामदारसांनी तो पाहिला.

कामदार म्हणजे महालाचा कारभार बघणारे मेहतासा. दरबार गेले, राज्य गेलं, अर्धा महाल तिकिटावर बघायचा झाला, पण श्रावणातल्या तीजेच्या सणाला देवीची सवारी निघण्याआधी राजघराण्यातली माणसं अजून त्याच दालनात बसतात. मेहतासांनी चष्मा कपाळावर सरकवला, डागाला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं.

"कजोडजी, म्हातारे झालात."

"हुकम, भिंतीला कोणीतरी करतंय."

"दरवर्षी?"

"हुकम, दरवर्षी."

"हे बघा. तीजेला सतरा दिवस आहेत. तीजेला हा डाग दिसला तर ही अख्खी भिंत मी पुट्टीवाल्यांना देणार. दोन दिवसांत पांढरीशुभ्र करून देतात. तुमच्या बापाच्या पट्ट्यासकट."

बापाच्या पट्ट्यासकट. कजोडमलला वाटलं, आपण सातव्या पायरीवरून पुन्हा पडलो. सात पिढ्यांची भिंत पोत्यातल्या पुट्टीखाली जाणार आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या नावावर.

आता चोर पकडायलाच हवा होता. आणि चोर पकडायला त्या महालासारखी जागा नाही! दुसऱ्या दिवसापासून कजोडमल जेवणाचा डबा घेऊन डाव्या झरोक्यात, जाळीमागं जाऊन बसला. सदुसष्ट वर्षांचा मिशाळ माणूस राण्यांच्या जागेवर मांडी घालून. खाली पर्यटक येत, छगन तेच तेच सांगे, पण भिंतीपासून चार हात लांबूनच, कारण म्हातारा वर आहे हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं पर्यटकांना वर बोट दाखवून सांगितलं, "आणि तिथे अजूनही एका राणीचा आत्मा बसतो, त्याला कांद्याचा वास येतो." कजोडमलनं डबा झाकला.

पाचव्या दिवशी दुपारी दालन रिकामं होतं. तेव्हा दारातून मान वाकवून सूंडाराम आत आला. इकडेतिकडे पाहिलं. सरळ मधल्या पट्ट्यापाशी गेला आणि डागावर अख्खा तळहात ठेवून उभा राहिला.

कजोडमल झरोक्यातून जे उठला ते जिना, पायरी, मनगट सगळं विसरून खाली.

"कंवरसा! काढा हात!" जावयावर ओरडायचं तरी कंवरसा म्हणूनच.

सूंडारामनं हात काढला नाही. चाळिशीचा, शांत, जरा जडच माणूस. "बापूसा, ओल आतून येतेय की बाहेरून ते बघत होतो."

"बघायला दिवस मिळाला नाही? सगळे जेवायला गेल्यावर बघता?"

"तुम्ही असताना इकडे फिरकू देता का?"

"हातात काय आहे?"

सूंडारामनं दोन्ही तळवे पुढे केले. कजोडमलनं ते उलटेसुलटे करून पाहिले, वास घेतला. चुन्याचा वास. चेजाऱ्याच्या हाताला दुसरा कसला येणार!

"एक सांगा," कजोडमल म्हणाला, "तुमच्या पट्ट्याला काही होत नाही. माझ्याच का? तीन वर्षं बघतोय मी. एका भिंतीत, एका हवेत. तुमचा कोरडा, माझा ओला. करणारा तुमच्या पट्ट्याला वाचवतो, तो कोण असेल?"

सूंडारामचा चेहरा हळूहळू लाल झाला. "मी? मी रात्रीअपरात्री येऊन सासऱ्याच्या भिंतीला पाणी लावतो?"

"रात्री म्हटलं नाही मी. ते तुम्ही म्हणालात."

सूंडारामनं कमरेच्या पिशवीत हात घातला. थापी, अकीकाचा गोटा, दोन्ही भिंतीपाशी खाली ठेवलं आणि मान वाकवून दारातून निघून गेला. संध्याकाळी मनभर माहेरी आली ती उंबऱ्याच्या आतही आली नाही. "बापू, त्यांनी तुमचं काम सोडलं. भौंरमामांकडे गेलेत, हवेलीच्या कामावर. आता बसा जाळीत एकटे."

"बघ!" कजोडमल धापूला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात, खोटं कशाला सांगा, थोडा आनंदही होता. "भौंरीलालकडे गेला. म्हटलं होतं की नाही? दोघं मिळालेले आहेत."

"तुम्ही हाकललंत म्हणून गेला."

"मी हाकललं नसतं तरी गेला असता. फक्त वेळ लागला असता."

धापूनं पोळपाटावरची पोळी अशी आपटली की पुढचं बोलणं तिथेच संपलं.

चोर कळला होता. आता फक्त तोंडावर पकडायचा होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वाट न बदलता, कजोडमल मेहुण्याच्या घरी गेला. बारा वर्षांनी. भौंरीलाल ओसरीवर बाजेवर आडवा होता, पोटावर पंखा, दात काढून वाटीत ठेवलेले. पाव्हण्याला बघून त्यानं आधी दात बसवले.

"या जीजासा! माझी बहीण बरी आहे ना? का तिला विकून आलात?"

"जावई कुठे आहे माझा?"

"हवेलीवर. माझा झाला आता तो. तुम्ही टाकलात, मी उचलला. तुमचं नावच तसं पडलंय, टाकायचं-उचलायचं."

"भौंरजी, थट्टा पुरे. माझ्या भिंतीला काय लावतोस ते सांग. म्हातारे झालो दोघं. सात पिढ्यांची भिंत जातेय."

भौंरीलाल उठून बसला. मग हसायला लागला. असं की दात पुन्हा हातात घ्यावे लागले.

"मी लावतो! जीजासा, मला तुमच्या त्या सातव्या पायरीवर दोन माणसं लागतात चढवायला! डाग कसा आहे? श्रावणात घाम, मग पांढरी पिठी, मग पापुद्रा?"

"तुला कसं माहीत?"

"हा असा?" भौंरीलालनं बाज सरकवली. मागच्या भिंतीवर पोळीएवढा डाग होता. करडा, वर पांढरी पिठी, कडेला पापुद्रा सुटलेला. तोच. जुळा भाऊ म्हणावा असा.

कजोडमलचं तोंड उघडं राहिलं. त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल? वाटलं, की हा इथे सराव करतो.

"बसा," भौंरीलाल म्हणाला. "पंचेचाळीस वर्षं झाली, आता लाज कसली. तुमच्या बापूंनी तो डावा पट्टा केला ना, तेव्हा मी गेलो होतो चोरी करायला. कृतीची. जनान्यातून चढून उजव्या झरोक्यात लपलो. खाली भूरामलजी एकटे चुना कालवत होते. दही घातलं, भुकटी घातली. आणि मग कनवटीतून पुरचुंडी काढली. मोठ्यानं म्हणाले, 'आता मूठभर सांभरचं मीठ!' आणि टाकलं."

कजोडमलचा हात पागोट्याकडे गेला.

"मी तसाच पळत घरी. ही भिंत नवी घेतली, मूठभर मीठ घालून. मीठ भिंतीला खातं हे आपल्याकडे रांगतं पोर सांगेल. पण मला वाटलं, ज्याला सगळे नाही म्हणतात तेच खरं गुपित! श्रावण आला आणि भिंत रडायला लागली. आमच्या बापूंनी मला या भिंतीशी उभं करून असा बडवला म्हणता! मग उमगलं. एकटा काम करणारा माणूस मोठ्यानं कशाला बोलेल? त्यांनी मला बघितलं होतं. मला ऐकवायलाच बोलले ते. ते घमेलं नंतर नाल्यात ओतलं, विचारा माझ्या बहिणीला. नवी सून होती, तिलाच धुवायला लावलं. मी ही भिंत तशीच ठेवली. रोज बघतो आणि हसतो. असला बिलंदर माणूस पुन्हा होणे नाही!"

कजोडमलनं हात लांब करून डागाची पिठी बोटावर घेतली आणि बोट धोतराला पुसलं.

"काय झालं जीजासा? तुमचा चेहरा त्या भिंतीसारखा झालाय."

"काही नाही," कजोडमल म्हणाला आणि पाणीही न पिता उठला.

आता काय झालं होतं ते सांगायला हवं, कारण कजोडमलनं ते कोणालाच सांगितलेलं नव्हतं. बापानं त्याला बाविसाव्या वर्षी समोर बसवून सगळी कृती सांगितली होती. चुना इतका, दही इतकं, भुकटी इतकी, बस. आणि कजोडमलच्या मनात आलं होतं: ज्या घराण्यानं राजाला खोटं सांगितलं, त्या घराण्यातला बाप पोराला एका बैठकीत सगळं खरं कसं सांगेल? काहीतरी मागं ठेवलंय. म्हणून त्या दिवशी तोही गेला होता. डाव्या झरोक्यात. त्यानंही ऐकलं होतं, "आता मूठभर सांभरचं मीठ!" पंचेचाळीस वर्षं तो शेवटच्या थराच्या चुन्यात, आजूबाजूला कोणी नाही हे तीनदा बघून, पागोट्याच्या घडीतून मूठभर मीठ टाकत आला होता. बायकोला सांगितलं नाही, लेकीला नाही. जावयाला तर नाहीच. म्हणूनच, अहो म्हणूनच, जावयाचा पट्टा कोरडा होता!

पण कजोडमल तो कजोडमल. वाटेत त्याच्या मनात आलं, भौंरीलाल खोटं बोलत असेल. मला मीठ सोडायला लावायचा डाव असेल. घरी येऊन त्यानं धापूला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या लग्नाच्या वर्षी बापूंनी एकदा चुन्याचं घमेलं ओतून टाकलं होतं?"

"हो. नाल्यात. मी धुतलं. म्हणाले, नीट धू, मीठ आहे." धापूनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "का हो?"

"काही नाही."

बायकोही भावाचीच बहीण. तिच्यावर तरी कसा विश्वास ठेवायचा? साक्षीदार एकच उरला होता, ज्याला मेहुणा नाही आणि माहेर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी महाल उघडल्याबरोबर कजोडमल दालनात गेला, मागं वळून पाहिलं, आणि बापाचा पट्टा चाटला.

काही नाही. थंड दगडासारखी चव.

जावयाचा पट्टा चाटला. तीच चव.

मग आपला. जीभ लावली आणि तोंड वाकडं झालं. खारट! वरणात मीठ जास्त झाल्यासारखं खारट. खात्री करायला त्यानं पुन्हा एकदा चाटला. आणि तेव्हाच दारातून आवाज आला.

"कजोडजी?"

मेहतासा होते. त्यांच्या मागं छगन, आणि छगनच्या मागं बारा-पंधरा पर्यटक.

"हुकम, तपासत होतो."

मेहतासांनी चष्मा कपाळावर सरकवला. छगननं मात्र क्षणही दवडला नाही. पर्यटकांकडे वळून तो काय म्हणाला ते कळलं नाही, पण त्या दिवसापासून दालनात जीभ काढून फोटो काढून घ्यायची पद्धत पडली.

तीजेला दहा दिवस उरले होते. पट्टा पार दगडापर्यंत खरवडायचा, पुन्हा थर द्यायचे, घोटायचे. एका मोडक्या मनगटाचं ते काम नव्हतं. कजोडमल हवेलीवर गेला. सूंडाराम शिडीवर होता. खाली उभं राहून सासऱ्यानं खाकरून घेतलं.

"कंवरसा, तुमचा हात चांगला आहे."

सूंडाराम शिडीवरूनच म्हणाला, "वास घेऊन सांगताय?"

"डाग तुमच्यामुळे नव्हता. माझ्यामुळे होता."

शिडी उतरायला सूंडारामला बराच वेळ लागला. "म्हणजे?"

कजोडमलनं पागोटं काढलं, घडी उलगडली आणि मिठाचे खडे जमिनीवर झटकले. मग सगळं सांगितलं, झरोक्यासकट. सूंडाराम खड्यांकडे बघत राहिला.

"म्हणजे मला सांगितलेली कृती अर्धी होती."

"नाही! तीच पुरी होती! माझीच..."

"तुमच्या मते अर्धी सांगितली होती ना मला?"

कजोडमल पायानं खडे मातीत दाबत राहिला. शेवटी सूंडाराम म्हणाला, "येतो. भिंत तुमच्या एकट्याची नाही, मनभरच्या पोरांचीही आहे. पण एक विचारतो, खरं सांगा. आता आणखी काय मागं ठेवलंय?"

"काही नाही."

"शपथ?"

"पोरांची शपथ. दही, चुना, भुकटी. बस."

सूंडाराम मान हलवून हसला. लहान पोराची थाप ऐकून हसावं तसा. "राहू द्या बापूसा. सांगायचं नसेल तर नका सांगू."

आठ दिवस दोघं भिंतीला लागले. मधला पट्टा उघडा झाला, थर चढले. नवव्या दिवशी शेवटच्या थराचा चुना कालवायचा होता. सूंडाराम म्हणाला, जरा पाणी पिऊन येतो. कजोडमल एकटा घमेल्यापाशी बसला. दही घातलं. भुकटी घातली. आणि सहज समोर, बापाच्या पट्ट्यात पाहिलं. जाळीचे ठिपके चमकत होते. डाव्या झरोक्याचे मधले आठ-दहा ठिपके विझले.

कजोडमलचा हात घमेल्यातच थांबला.

जावयाचं त्याला वाईट वाटलं नाही. त्या जागी तोच बसला होता. पण त्याच्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीनं. बाप याच जागी बसला होता. समोर जुना पट्टा असणारच. बापाला दोन्ही जाळ्या दिसल्या असणार. उजवीकडचे ठिपके विझले, डावीकडचेही विझले. डावीकडे कोण असेल हे त्याला कळलं नसेल? आपल्या पोराच्या पागोट्याचा आकार बापाला कळत नाही? मग मीठ टाकलं ते नेमकं कुणासाठी? मेहुण्याला फसवायला, का खरं सांगूनही न मानणाऱ्या पोराला एकदाच अद्दल घडवायला? आणि मग पंचेचाळीस... नाही, बाप त्यानंतर सहा वर्षं जगला होता. सहा श्रावण त्यानं तो डाग पाहिला होता. एकदाही बोलला नाही. का पोर विचारायला येईल म्हणून वाट बघत होता?

हा संशय आता कोणाकडे जाऊन फेडायचा!

कजोडमलनं मान न वळवता मोठ्यानं म्हटलं, "डावीकडचे कंवरसा, खाली या. चुना वाळतोय."

वर काहीतरी धडपडलं. सूंडाराम खाली आला तो मान खाली घालून. कजोडमलनं त्याच्या हातात घमेलं दिलं, पागोटं सोडून झटकून दाखवलं, कनवटी उलटी केली. सूंडारामनं चुन्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, तोंड पुसलं. आणि अकीकाचा गोटा उचलला.

तीजेच्या आदल्या दिवशी, सिंजाऱ्याला, कजोडमलनं भौंरीलालकडे तीजेची मिठाई, घेवर, पाठवायचं सोडून स्वतः नेला. मागच्या पोळीतल्या पहारेकऱ्यालाही वाटेत एक तुकडा दिला. त्यानं तो वटवाघळांच्या अंधारात उलटा करून पाहिला. भौंरीलालनं डबा उघडला, घेवराकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे.

"बारा वर्षांनी येऊन गेलात, दहा दिवसांत पुन्हा आलात, वर घेवर? जीजासा, आधी तुम्ही खा."

कजोडमलनं मोठा घास तोडून खाल्ला. भौंरीलाल चावणं संपेपर्यंत थांबला.

तीजेला मेहतासा सवारीच्या आधी दालनात आले. रुमालानं भिंत पुसली, रुमाल उलटा करून पाहिला. कोरडा. तीन पट्ट्यांत तीन मेहतासा दिसत होते, कुठला कोणी घोटला ते सांगता आलं नसतं.

"वा! पुट्टीवाल्यांना नाही म्हणून कळवतो. यंदा काय घातलंत, कजोडजी?"

"काही नाही, हुकम. काहीच नाही घातलं."

मेहतासांनी डोळा बारीक केला आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. "बरोबर आहे. सांगू नका. घराण्याची गोष्ट आहे."

बाजूला सूंडाराम उभा होता. तो सासऱ्याच्या पागोट्याकडे बघत होता.